राजाच्या तळ्यातला बुद्ध

१

आपल्या चळवळीतील माणूस परदेश पाहून आला, की त्याच्याजवळ बुद्धमूर्तींची छायाचित्रे असतात. गावी सभा भरते. छायाचित्रे दाखवली जातात आणि वक्ता भरल्या गळ्याने सांगतो की, पाहा, आपला बुद्ध जगभर पोचला आहे; ज्यांनी त्याला या देशातून हाकलले ते मात्र जागच्या जागी राहिले. मीही अशा सभांतून बोललो आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. या अभिमानामागचे कारण मला ठाऊक आहे. ज्यांच्या बापजाद्यांना गावच्या देवळाची पायरी चढू दिली गेली नाही, त्यांना आपला शास्ता एखाद्या सम्राटाच्या राजवाड्यात बसलेला दिसला, तर त्यांचे डोळे पाणावणारच. त्या भावनेची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु त्या भावनेची तपासणी करण्याचा अधिकार आपल्याला आहे. किंबहुना, ते आपले कर्तव्यच आहे. कालामांना बुद्धाने जे सांगितले ते आपण नेहमी इतरांना ऐकवतो. ते आपल्याही अभिमानाला लागू केले पाहिजे. मूर्ती बुद्धाची आहे एवढ्यावरून ती वास्तू बुद्धाची ठरते काय? ती कोणी बांधवून घेतली, कशासाठी बांधवून घेतली आणि तिच्या दारातून आत कोणाला जाता येत होते, हे प्रश्न आपण पंढरपूरच्या देवळाला विचारतो, नाशिकच्या काळाराम मंदिराला विचारतो. बीजिंगच्या स्तूपाला ते विचारायचे नाहीत काय? मागच्या ऑक्टोबरात बीजिंगला बेईहायच्या तळ्याकाठी दोन दिवस घालवले, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे. हा लेख म्हणजे त्या उद्यानाचे वर्णन नाही. ते उद्यान एखाद्या ग्रंथासारखे वाचण्याचा हा प्रयत्न आहे.

२

बेईहाय म्हणजे उत्तरेचा समुद्र. समुद्र तेथून पुष्कळ दूर आहे. राजवाड्याच्या तळ्यांना समुद्र म्हणायची तिकडची रीत. जुन्या राजवाड्याच्या पश्चिमेला अशी तीन तळी ओळीने आहेत: उत्तरेचे, मधले आणि दक्षिणेचे. उत्तरेचे तळे आणि त्याभोवतीची जमीन मिळून सुमारे ६८ हेक्टरांचे हे उद्यान आहे आणि त्यात निम्म्याहून अधिक पाणीच आहे. पाण्याच्या दक्षिण भागात एक टेकडीवजा बेट आहे आणि बेटाच्या माथ्यावर एक पांढराशुभ्र स्तूप. तो शहरातून दुरूनही दिसतो.

आमच्याबरोबर कायद्याचा अभ्यास करणारा एक विद्यार्थी होता. पूल ओलांडून, योंगआन मठाच्या पायऱ्या चढून आम्ही माथ्यावर गेलो. स्तूप तिबेटी घडणीचा आहे: खाली चौथरा, वर कुंभासारखा फुगीर देह, त्यावर निमुळता कळस. उंची जवळजवळ ३६ मीटर. दक्षिणेच्या अंगाला एक लाल कोनाडा आहे आणि त्यात सोनेरी अक्षरांची एकमेकांत गुंफलेली आकृती. ती अक्षरे चिनी नव्हती. डोळ्यांना ओळखीची वाटली, पण वाचता येईनात. ती रंजना लिपीतली आहेत, म्हणजे आपल्या नागरीप्रमाणेच ब्राह्मीच्या कुळातली. समोरच्या छोट्या मंदिराच्या भिंतींवर चकचकीत खापरी विटांमध्ये बुद्धाच्या शेकडो लहान मूर्ती बसवल्या आहेत.

विद्यार्थ्याने हात जोडले, पंचशील म्हटले आणि मला विचारले, "सर, अशोकानंतर आपल्याकडे असा राजा का झाला नाही?"

प्रश्न साधा होता. उत्तर देण्यापूर्वी त्या राजाची चौकशी करणे भाग होते.

हा स्तूप १६५१ साली बांधला गेला. मांचू लोकांनी बीजिंग घेतले ते १६४४ साली. म्हणजे सत्ता अवघी सात वर्षांची होती, आणि गादीवर शुन्झी हा कोवळा राजा होता. उत्तरेला मंगोल टोळ्या होत्या. त्यांच्या घोडदळाची मदत मांचूंना हवी होती आणि त्यांची भीतीही वाटत होती. मंगोलांची श्रद्धा तिबेटी लामांवर. तेव्हा पाचव्या दलाई लामांना बीजिंगला बोलावण्याचे घाटत होते आणि १६५३ च्या आरंभी ते आलेही. स्तूप उभा राहिला तो या हालचालींच्या मध्ये. ज्या १६५३ साली लामांचे स्वागत झाले, त्याच साली स्तूपाच्या टेकडीवर इशाऱ्याच्या तोफा आणि निशाणांचे खांब बसवण्यात आले. राजधानीवर संकट आले तर येथून तोफ उडवायची आणि सैन्याने गोळा व्हायचे, अशी ती व्यवस्था होती. स्तूपाच्या शेजारी तोफ! बांधणाऱ्यांना त्यात विसंगती वाटली नाही, कारण दोन्ही वस्तूंचे काम एकच होते. उंच जागी उभे राहून राज्य राखायचे.

हा माझा तर्क आहे असे कोणी म्हणेल. परंतु राजांनी आपला हेतू लपवून ठेवला नाही. चियानलोंग या सम्राटाने १७९२ साली लामांविषयी एक निवेदन लिहिले आणि ते मांचू, चिनी, मंगोल आणि तिबेटी अशा चार भाषांत दगडावर कोरून घेतले. ती शिला याच शहरात योंगहगोंग या लामा-मठात आहे. लामांच्या पीत पंथाला आपण आश्रय दिला तो मंगोलांना शांत ठेवण्यासाठी, अंधभक्तीने नव्हे, असे तो त्यात उघड सांगतो. बेईहायच्या बहुतेक बौद्ध इमारती ज्याने बांधल्या किंवा वाढवल्या, तोच हा सम्राट. त्याने स्वतःला मंजुश्री बोधिसत्त्वाच्या रूपात रंगवून घेतले. असे पट आजही संग्रहालयांतून आहेत. राजा हा विष्णूचा अंश असतो, हे आपल्याला पुराणांनी शिकवले होते. तिकडे तो बोधिसत्त्वाचा अवतार झाला. नाव बदलले, सिंहासन तेच राहिले. बावीस प्रतिज्ञांमध्ये बाबासाहेबांनी अवताराच्या कल्पनेला नकार दिला, तो किती दूरदृष्टीचा होता हे मला त्या टेकडीवर नव्याने कळले.

३

तळ्याच्या उत्तर काठावर सुखावतीचे मंदिर आहे. चौकोनी, प्रचंड, चारी बाजूंनी पाणी आणि चारी बाजूंना पूल. आत मेरू पर्वताची प्रतिकृती आणि तिच्यावर दाटीवाटीने मूर्ती बसवलेल्या आहेत. आज दिसतो तो पर्वत अलीकडे पुन्हा घडवलेला आहे. १७६८ ते १७७० या काळात चियानलोंगने हे मंदिर आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्ताने बांधले.

सुखावती म्हणजे अमिताभाचे क्षेत्र. या पंथाची सारी ताकद त्याच्या सोपेपणात आहे. ज्याला शास्त्र येत नाही, ज्याच्याकडे दान द्यायला पैसा नाही, अशा माणसानेही श्रद्धेने नाव घेतले तर त्याला तेथे जागा आहे. चीन आणि जपानमधील शेतकरी, कोळी, मोलकरणी यांनी म्हणूनच हा पंथ उचलून धरला. त्याची तात्त्विक चिकित्सा आपण करू. नामस्मरणाने दुःख संपत नाही हे आपले मत आहेच. परंतु त्यातली सर्वांना प्रवेश ही प्रेरणा नाकारता येणार नाही. आणि तीच सुखावती येथे राजवाड्याच्या भिंतीआड, एका राजमातेच्या वाढदिवसासाठी बांधली गेली! जिचे दार सर्वांना उघडे, तिची प्रतिकृती पहाऱ्यात. या मंदिरावर यापेक्षा कठोर टीका मला करता येणार नाही, आणि ती त्याच्या नावातच आहे.

शेजारी दहा हजार बुद्धांचा मजलेदार वाडा होता. तोही याच वाढदिवसाचा. भिंतींतले कोनाडे भरण्यासाठी दरबारी आणि अधिकारी यांनी सोन्याच्या बुद्धमूर्ती नजर कराव्या, असा प्रघात पडला. अधिकाऱ्याने सोने कोठून आणले असेल, हे ज्याने गावकामगारांचा अंमल पाहिला आहे त्याला सांगायला नको. १९०० साली आठ राष्ट्रांच्या फौजा बीजिंगमध्ये घुसल्या, तेव्हा त्या मूर्ती लुटल्या गेल्या. रिकामा वाडा १९६५ साली पाडण्यात आला.

थोडे पलीकडे नऊ ड्रॅगनांची प्रसिद्ध भिंत आहे. निळ्या, पिवळ्या, जांभळ्या खापरी विटांची ही भिंत १७५६ सालची. प्रवासी हिच्यापुढे सर्वाधिक गर्दी करतात. ती एका बौद्ध मंदिराची आडभिंत होती, हे फारच थोड्यांना माहीत असते. ते मंदिर आज नाही. सम्राटाचे चिन्ह असलेले ड्रॅगन मात्र शाबूत आहेत.

विद्यार्थी गप्प झाला होता. मग तो म्हणाला, "सर, तुम्ही सगळेच काढून घेताय."

त्याचे म्हणणे खरे होते. म्हणून मी त्याला आमच्याच लेण्यांची आठवण दिली. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचा लेख आहे. दरवाजाचे काम त्याने केले. सिंहदत्त नावाच्या गंध्याचा लेख आहे. यवनांनी दिलेले खांब आहेत. कान्हेरीला लोहाराचे दान आहे, कुड्याला माळ्याचे. तेथे राजे नव्हते असे नाही. नहपानाचा जावई उषवदात याने कार्ल्याच्या भिक्षूंना गाव दिल्याचा लेख त्याच लेण्यात आहे. राजा आहे, शेठही आहे. परंतु त्यांच्या बरोबरीने सुताराचे नाव त्याच दगडावर आहे आणि दोन हजार वर्षांनी मी ते वाचू शकतो. बेईहायमध्ये जागोजागी शिला आहेत. त्यांवर चियानलोंगचे हस्ताक्षर आहे, त्याच्याच कविता आहेत. खापरी विटांतले ते शेकडो बुद्ध ज्यांनी भट्टीत भाजले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव मला तेथे आढळले नाही.

आणि दगड! बेटावरचे वेडेवाकडे, छिद्रांचे शोभिवंत दगड हे मूळचे कायफेंगचे, सोंग सम्राटाच्या बागेतले. जिन राजांनी ११२७ साली ते शहर जिंकले आणि ११७९ च्या सुमारास येथे महाल उभारला, तेव्हा ते दगड शेकडो मैलांवरून वाहून आणले. या दगडांना धान्याऐवजीचे दगड असे नाव पडले आहे. ज्यांनी ते वाहिले त्यांना त्या बदल्यात धान्याचा सारा माफ झाला, असे सांगतात. म्हणजे दगडाचे माप धान्यात झाले. वेठबिगार ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला होती, त्या माणसाला हे नाव कळायला चिनी भाषा शिकावी लागत नाही. टेकडीच मुळी तळे खोदून निघालेल्या मातीची. वर स्तूप दिसतो; खाली पाट्या वाहणाऱ्यांची रांग आहे.

४

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. राजाश्रय नसता तर धम्म टिकला असता काय? भारतात राजाश्रय गेला आणि विहार ओस पडले. चीनमध्ये तो राहिला म्हणून ग्रंथ राहिले, अनुवाद राहिले, मूर्ती राहिल्या. मग राजाला दोष कसा द्यायचा?

हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. राजाश्रयाने वास्तू टिकतात, ग्रंथही टिकतात. परंतु माणसांच्या परस्परसंबंधांत काही बदल होतो काय, ही धम्माची कसोटी आहे. चीनमध्येही जन्माने हीन ठरवलेले लोक होते. गाणेबजावणे करणारी घराणी, शाओशिंग भागातले 'दुओमिन', दक्षिणेकडचे होड्यांवर राहणारे 'दान' लोक. त्यांना परीक्षांना बसता येत नसे, चांगल्या घरांशी लग्नसंबंध करता येत नसत. दान लोकांना तर काठावर घर करण्याचीही मोकळीक नव्हती. चियानलोंगचा बाप योंगझेंग याने १७२३ पासून पुढच्या काही वर्षांत एकेका जमातीवरचे हे शिक्के हुकमाने रद्द केले. होडीवाल्यांविषयीचा हुकूम १७२९ चा. आपल्याकडे पेशवाई भरात येत होती, तो हा काळ. ही गोष्ट त्याच्या पदरी प्रामाणिकपणे टाकली पाहिजे. तो ध्यानमार्गाचा अभ्यासक होता. परंतु हुकूम निघाल्यानंतरही तुच्छता पुढे दीर्घकाळ टिकून राहिली, कारण ज्यांच्यासाठी हुकूम होता ते स्वतः उठलेले नव्हते. संविधानाचे सतरावे कलम आणि गावची विहीर यांच्यातले अंतर ज्यांनी मोजले आहे, त्यांना याचा अर्थ उलगडून सांगण्याचे कारण नाही.

म्हणून विद्यार्थ्याच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: आपल्याला तसा राजा मिळाला नाही हे आपले दुर्दैव आहे असे मी मानीत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जो धम्म आला, तो कोणाच्या नजराण्यातून आला नाही. लाखो लोक आपल्या पायांनी चालत आले होते.

५

दुसऱ्या दिवशी मी एकटाच तळ्याकाठी गेलो. पाण्यात पुढे आलेल्या पाच मंडपांत म्हाताऱ्या बाया आणि पुरुष नाचत होते, गात होते. हे मंडप १६०२ सालचे. मधला सम्राटाचा, बाजूचे मानाप्रमाणे अधिकाऱ्यांचे. सम्राट येथे बसून मासे धरीत असे. आता मधल्या मंडपात एक आजीबाई लाल रुमाल घेऊन नाचत होत्या. बाहेर फरसबंदीवर एक वृद्ध गृहस्थ काठीएवढा कुंचला पाण्यात बुडवून जमिनीवर अक्षरे काढीत होते. त्यांनी हसून कुंचला माझ्या हातात दिला. मी नागरीत 'जयभीम' लिहिले. त्यांनी मान डोलावली, जणू त्यांना कळले. उन्हात ते वाळून गेले. मग त्यांनी पुन्हा आपले सुरू केले.

हे तळे सामान्य लोकांना उघडले गेले ते १ ऑगस्ट १९२५ रोजी. राजेशाही १९१२ मध्ये संपली होती. त्यानंतर तेरा वर्षांनी तिकीट काढून कोणीही आत येऊ लागला. तारीख वाचली आणि मी मनातल्या मनात महाडला गेलो. त्या वेळी चवदार तळेही कागदावर खुले होते. मुंबईच्या कायदेमंडळाचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा १९२४ चा. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी त्या पाण्याला हात लावला, तेव्हा लोकांची डोकी फुटली आणि तळे 'शुद्ध' करण्यात आले. बेईहायच्या तळ्याला भिंत होती. ती सर्वच रयतेला बाहेर ठेवीत होती आणि राजा गेल्यावर तिच्यात दार निघाले. महाडला भिंत नव्हती. गुरे पाणी पीत होती. असे तळे उघडायला राजा जाणे पुरेसे होत नाही.

परंतु बीजिंगचीही गोष्ट तेथेच संपत नाही. १९७१ साली, सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, हे उद्यान लोकांना बंद झाले. ते पुन्हा उघडले मार्च १९७८ मध्ये. ज्या राज्याने सरंजामशाही गाडल्याची घोषणा केली, त्याच राज्याने सात वर्षे हे दार लावून घेतले होते. आणि दक्षिणेच्या टोकाचा पूल ओलांडताना पलीकडची दोन तळी दिसतात, त्यांच्याभोवती आजही भिंत आणि पहारा आहे. ती झोंगनानहाय, सत्ताधारी पक्षाचे आणि सरकारचे मुख्य ठाणे. १९२९ ते १९४९ या काळात तेही उद्यान होते. एकाच पाण्याचा अर्धा भाग खुला, अर्धा बंद. राजा गेला तरी राजाचे तळे राहू शकते.

पुलाच्या टोकाशी गोल कोट आहे. त्यातल्या एका दालनात पांढऱ्या जेडची बुद्धमूर्ती आहे, सुमारे दीड मीटर उंचीची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती ब्रह्मदेशातून आली आणि सम्राज्ञी त्सशीच्या ताब्यात गेली. डाव्या हातावर घाव आहे. १९०० साली परकी सैनिकांनी तो केला असे सांगतात. त्या फौजांत ब्रिटिशांचे हिंदी शिपाईही मोठ्या संख्येने होते. त्या सर्व उद्यानात मला जवळची वाटली ती ही एकच मूर्ती. राजवाड्याने तिला रत्ने दिली, पण घावापासून वाचवले नाही.

६

आता आपल्याकडे. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे; माणसे त्याच्या आत शिरतात, बसतात, वाचतात. बेईहायच्या स्तूपाच्या आत जाता येत नाही, त्याला फक्त बाहेरून फेरी घालता येते. हा फरक आपण जपला आहे काय? ठिकठिकाणी आपली स्मारके उभी राहत आहेत. संगमरवर येतो, रोषणाई येते, उद्घाटनाला सत्तेतले लोक येतात आणि त्यांची नावे फरशीवर कोरली जातात. उंचीची चर्चा होते. ज्या बायांनी भाकऱ्या बांधून आणल्या, ज्यांनी पाचपाच रुपये दिले, त्यांची नावे कोठे आहेत? पुढाऱ्याला बुद्धाशेजारी फोटो हवा असतो तो कशासाठी, हे १७९२ च्या त्या शिलेने आपल्याला स्वच्छ सांगून ठेवले आहे. आपल्याकडे कोणी तसे कोरून ठेवत नाही, एवढेच.

माझी सूचना अशी आहे. आपल्यापैकी जो कोणी बौद्ध वास्तू पाहून येईल, मग ती बीजिंगची असो, औरंगाबादची असो की आपल्या वस्तीतली, त्याने सभेत छायाचित्रे दाखवण्यापूर्वी चार गोष्टी सांगाव्या. पैसा कोणाचा? दगड कोणी वाहिले? आत कोणाला जाता येत होते आणि आज जाता येते? नावे कोणाची उरली? मग मूर्तीपुढे खुशाल हात जोडावे. मीही जोडले.

परतल्यावर त्या विद्यार्थ्याने आपल्या वसतिगृहात छायाचित्रे दाखवली. मी मागे बसलो होतो. पांढरा स्तूप आला, टाळ्या पडल्या. त्याने टाळ्या थांबू दिल्या आणि म्हणाला, "याच्या शेजारी तोफा होत्या. का होत्या ते आधी सांगतो."